डोळ्यातली सुई
डोळ्यात सुई टोचायची, असे नुसते ऐकले तरी भल्याभल्यांच्या अंगावर काटा येतो. माझ्याही आला. मधुमेह हा माझा वीस वर्षांचा सोबती. गेल्या वर्षी वर्तमानपत्रातल्या ओळी मध्येच वाकू लागल्या. चष्मा बदलून भागेना. तपासणीअंती डॉक्टर म्हणाले, "डोळ्याच्या पडद्याला मध्यभागी सूज आहे."

कॅमेऱ्यात फिल्म, तसा डोळ्यात हा पडदा. त्याच्या मधोमध असतो पीतबिंदू. वाचणे, सुई ओवणे, चेहरा ओळखणे ही सारी नाजूक कामे त्याच्याकडे. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की तिथल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. काही बुजतात. मग प्राणवायूला आसुसलेला पडदा 'व्हीईजीएफ' नावाचे द्रव्य सोडतो. नव्या वाहिन्या फुटाव्यात, हा त्याचा हेतू. पण त्यापायी जुन्या वाहिन्या पाझरू लागतात आणि पाणी साचते. एरवी जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा हा भाग कधी दुपटीने फुगतो.

हे द्रव्य १९८९ साली अमेरिकेत नेपोलिओन फेरारा यांनी वेगळे काढले. त्याला अडवणारे बेव्हासिझुमॅब २००४ मध्ये आतड्याच्या कर्करोगावर मंजूर झाले. पुढच्याच वर्षी मायामीच्या डॉ. फिलिप रोझेनफेल्ड यांनी ते अल्प मात्रेत डोळ्यात दिले, आणि दार उघडले. मधुमेहाच्या सुजेसाठी अमेरिकेत रॅनिबिझुमॅबला २०१२ मध्ये, तर अफ्लिबरसेप्टला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. २०१५ च्या एका मोठ्या तुलनेत, नजर थोडीच उतरलेल्यांना तिन्ही औषधे सारखीच लागू पडली. जास्त उतरलेल्यांना पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरले. बेव्हासिझुमॅब पुष्कळ स्वस्त पडते, ही गोष्ट घरखर्चाच्या वहीत महत्त्वाची!

प्रत्यक्ष टोचणे क्षणाचे. थेंबांनी डोळा बधिर करतात, आयोडीनने धुतात आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून, एका मिलिलिटरचा विसावा हिस्सा औषध आत सोडतात. औषध त्या द्रव्याला पकडून ठेवते, गळती मंदावते, पाणी हळूहळू शोषले जाते. पूर्वी लेसरने गळती आवरत असे. गेलेली नजर मात्र क्वचितच परत येई. आता अनेकांना तक्त्यावरच्या आणखी ओळी वाचता येतात. तीन इंजेक्शनांनंतर माझ्याही ओळी बऱ्याच सरळ झाल्या.

इथेच खरा धोका आहे. बरे वाटले की माणूस दवाखाना टाळतो. आमच्या सौभाग्यवतींनी तारखा कॅलेंडरवर लाल शाईने लिहिल्या, म्हणून माझा निभाव लागला. औषधाचा असर साधारण महिन्या-दोन महिन्यांत ओसरतो, म्हणून पहिल्या वर्षी आठ-दहा इंजेक्शने लागू शकतात. पुढे संख्या घटते. सूज फार काळ राहिली तर पडद्यातल्या पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशी कोणतीही सुई जिवंत करीत नाही. क्वचित डोळ्यात जंतुसंसर्गही होतो. इंजेक्शननंतर वेदना वाढल्या, लाली चढली किंवा नजर अंधारली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

ही सुई पाझर थांबवते, मधुमेह नव्हे. साखर, रक्तदाब आपल्यालाच सांभाळायचे. घरात कोणी मधुमेही असेल, तर सुरुवातीला दुखत-खुपत नाही म्हणून थांबू नका. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. फराळाच्या गडबडीतही ती तारीख ठरवायला दोन मिनिटे पुरतात.