नवलझाडं (भाग ६) : घटपर्णीचे लाड नकोत

पानाच्या टोकाला लटकणारी सुरई, तिच्यावर झाकण, आणि माशी आत पडली की झाकण फटकन बंद. घटपर्णीची ही गोष्ट बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. त्यातली सुरई खरी, झाकणही खरं. फटकन बंद होणं मात्र निव्वळ दंतकथा. घटपर्णीचं झाकण एकदा उघडलं की पुन्हा मिटतच नाही. पान मिटून माशी पकडते ती व्हीनस फ्लायट्रॅप. ती अमेरिकेतली आणि तिचं कूळही वेगळं.

मग माशी आत पडते कशी? पाय घसरून. सुरईच्या काठावर बारीक खाचा असतात. पावसाने किंवा दवाने त्या ओल्या झाल्या की काठावर पाण्याचा पातळ थर धरतो आणि मधाच्या आशेने आलेल्या मुंगीचे पाय टिकत नाहीत. होल्गर बोन आणि वॉल्टर फेडेर्ले या संशोधकांनी 2004मध्ये हे दाखवून दिलं. कोरड्या काठावर त्याच मुंग्या बिनधास्त फिरतात. पावसाळ्यात ओल्या फरशीवर आपटलेल्या माणसाला ही युक्ती वेगळी समजावून सांगायला नको. झाकणाचं मुख्य काम छत्रीचं आहे, आतला पाचक रस पावसाने पातळ होऊ न देण्याचं. घटपर्णीच्या नेपेंथिस या कुळातली ग्रॅसिलिस ही जात तर त्या छत्रीचाही सापळा करते. झाकणाच्या खालच्या बाजूला मुंगी मध चाटत असते, वरून पावसाचा टपोरा थेंब आदळतो आणि त्या हादऱ्याने मुंगी थेट रसात जाते.

हा सगळा खटाटोप गरिबीपायी. बोर्निओ, सुमात्रा, फिलिपिन्स इथल्या ज्या जमिनींवर घटपर्णी वाढतात, तिथे धो धो पावसाने पोषणद्रव्यं वाहून गेलेली असतात. नायट्रोजन मातीतून मिळत नाही, म्हणून तो किड्यांकडून वसूल करायचा. आपल्या कास पठारावरच्या कातळात उगवणारा ड्रॉसेरा हेच करतो, फक्त सुरईऐवजी चिकट थेंबांनी.

बाल्कनीत घटपर्णी टांगणाऱ्यांनी ही गरिबीची एक गोष्ट लक्षात ठेवली तर निम्म्या चुका टळतील. कारण हे झाड उपेक्षेपेक्षा लाडाने जास्त मरतं. नवं रोप घरी आलं की उत्साहाने त्याला लाल मातीत लावतात, मूठभर शेणखत घालतात, बोअरचं पाणी देतात. वर सुरईत पनीरचा नाहीतर कोळंबीचा तुकडा टाकून घरातल्या मुलांना गंमत दाखवतात. खताने मुळं जळतात, क्षार साठत जातात आणि कोळंबी सुरईतच सडून सुरई काळी पडते. खायला घालायची गरजच नसते. बाल्कनीतल्या मुंग्या आपल्या पायांनी येतात.

कुंडीत माती नको. नारळाच्या सोडणाचे तुकडे, थोडा लोणारी कोळसा, परलाइट आणि मिळालं तर स्फॅग्नम शेवाळ, एवढं पुरतं. सोडण दोन-तीनदा भिजवून, पाणी बदलून घ्यायचं, कारण किनाऱ्याकडच्या सोडणात मीठ असतं. पाणी पावसाचं सर्वांत उत्तम. ते नसेल तर आरओ यंत्रातून गाळून आलेलं चालेल, पण त्याच यंत्राच्या दुसऱ्या नळीतून बाहेर पडणारं अजिबात नाही, सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात. सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशी पूर्वेची बाजू बरी.

कुरिअरने आलेल्या रोपाच्या सुरया वाळलेल्या असल्या तर दुकानदाराशी भांडू नये. प्रवासानंतर त्या वाळतातच. नव्या पानांना सुरया येतात की नाही, ते पाहावं. पानं भरघोस आणि सुरई एकही नाही, असं झालं तर उजेड किंवा हवेतला दमटपणा कमी पडतोय.

दमटपणाचं कोडं मुंबई, कोकण आणि गोव्यात निसर्गानेच सोडवलेलं आहे. पुण्याचा एप्रिल मात्र अवघड, तिथे कुंड्या एकत्र ठेवून आडोसा करावा लागतो. सुरुवात व्हेंट्राटापासून करावी. फिलिपिन्समधल्या दोन जातींच्या संकरातून आलेलं हे झाड काटक आहे आणि बरंच सोसतं. बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावरची राजा ही जात मात्र फोटोतच बघावी. तिच्या सुरईत तीन लिटरहून अधिक पाणी मावतं, पण ती वाढते दीड हजार मीटरच्या वर, थंड रात्रींमध्ये. मुंबईच्या उकाड्यात ती हळूहळू झुरत जाते. महागडं रोप आणून त्याच्या मरणाची वाट पाहण्याला संग्रह म्हणत नाहीत.

या हव्यासाला जुना इतिहास आहे. मारियान नॉर्थ ही इंग्रज चित्रकार 1876मध्ये बोर्निओतल्या सारावाकला गेली आणि तिथे तिने एका प्रचंड घटपर्णीचं चित्र रंगवलं. ते पाहून लंडनच्या व्हीच नर्सरीने चार्ल्स कर्टिसला ते झाड शोधायला धाडलं. त्याला ते सापडलंही. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकरने त्या जातीला चित्रकर्तीचंच नाव दिलं, नेपेंथिस नॉर्थिआना. त्या काळात श्रीमंतांच्या काचघरांमध्ये घटपर्णींची चढाओढ लागली होती आणि माल थेट जंगलातून उपसला जात होता.

भारताची स्वतःची घटपर्णी एकच, नेपेंथिस खासियाना. मेघालयातल्या गारो लोकांच्या भाषेत ती ‘मेमांग-कोक्सी’, म्हणजे भुताची टोपली. बाघमारा इथे तिच्यासाठी राखीव अभयारण्य आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं तिला कवच आहे आणि साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट एकमध्येही ती आहे. म्हणून खासियाना विकायला दिसली की रोप कुठून आलं, हे आधी विचारावं. विक्रेत्याकडे सरळ उत्तर नसेल तर पैसे खिशातच ठेवावेत.

घटपर्णीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, त्यामुळे एका झाडापासून बी मिळत नाही. पण दोन-तीन वर्षांत वेल लांब होते आणि छाटावी लागते. तो छाट फेकू नका. दोन-तीन डोळ्यांचा तुकडा ओल्या शेवाळात खोचून सावलीत ठेवा. त्याला मुळं फुटायला महिना-दोन महिने लागतात. मग तो शेजाऱ्यांना द्या, आणि देताना शेणखताचं तेवढं आठवणीने सांगा.