फ्लास्कमधल्या पेशी कुणाच्या?

२०१० साली अमेरिकेतल्या एका संशोधक गटानं यू-८७ या सेल लाइनचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचून प्रसिद्ध केला. मेंदूच्या कर्करोगावर काम करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये या पेशी वर्षानुवर्षं वापरात होत्या. त्यांच्या डीएनएत कुठं काय बिघडलं आहे, याची मोठी यादी हाती आली. हा डीएनए मुळात कोणत्या रुग्णाचा, हे मात्र कुणाला तपासावंसं वाटलं नाही, कारण नोंद स्पष्ट होती: १९६०च्या दशकात स्वीडनमधल्या उप्साला इथं उपचार घेतलेल्या एका ४४ वर्षांच्या स्त्रीच्या गाठीतून या पेशी आल्या. सहा वर्षांनी ही नोंद खोटी ठरली.

ज्या आजारासाठी हा खटाटोप चालतो, त्याचं नाव ग्लायोब्लास्टोमा. प्रौढांच्या मेंदूत उद्भवणाऱ्या घातक गाठींमध्ये ही सर्वाधिक आढळणारी आणि चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीची गाठ. न्यूरोसर्जननं दिसणारी गाठ पूर्ण काढली, तरी तिच्या पेशी शेतातल्या हराळीच्या मुळ्यांसारख्या आजूबाजूच्या निरोगी मेंदूत शिरलेल्या असतात आणि काही महिन्यांत पुन्हा डोकं वर काढतात. २००५ मध्ये रॉजर स्टुप आणि सहकाऱ्यांनी ५७३ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांहून अधिक जगले. सोबत टेमोझोलोमाइड हे औषध दिल्यावर हा आकडा १४.६ महिन्यांवर गेला. अडीच महिन्यांची ही भर तेव्हा मोठं यश मानली गेली आणि आजही उपचारांचा पाया तोच आहे.

नवं औषध थेट रुग्णाला देता येत नाही. त्याची पहिली परीक्षा होते ती फ्लास्कमध्ये वाढणाऱ्या पेशींवर. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा बारीक करून पेशी सुट्या करतात, गुलाबी पोषकद्रवात ठेवतात आणि ३७ अंश सेल्सिअसच्या इन्क्युबेटरमध्ये वाढवतात. बहुतेक पेशी मरतात. क्वचित काही तग धरतात, प्लॅस्टिकच्या तळाला चिकटून वाढत राहतात, आणि त्यांची पिढ्यान्‌पिढ्या चालणारी सेल लाइन तयार होते. ती उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवता येते, कुपीत घालून दुसऱ्या देशात पाठवता येते. भारतातल्या अनेक प्रयोगशाळांना अशा पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून मिळतात.

उप्साला विद्यापीठात यान पाँटेन यांनी ग्लायोमाच्या, म्हणजे ग्लायोब्लास्टोमा ज्या गटात मोडतो त्या गाठींच्या, अशा अनेक सेल लाइन तयार केल्या. यू-८७ त्यांतलीच. ती हातोहात अमेरिकेत गेली, तिथल्या ‘अमेरिकन टाइप कल्चर कलेक्शन’ या मोठ्या भांडारात दाखल झाली आणि तिथून जगभर विकली जाऊ लागली. २०१६ मध्ये बेंग्ट वेस्टरमार्क आणि सहकाऱ्यांनी जुनं दप्तर उघडलं. हे वेस्टरमार्क पाँटेन यांच्याच प्रयोगशाळेत घडलेले. उप्सालात जपून ठेवलेल्या मूळ गाठीचा डीएनए आणि भांडारातून विकत घेतलेल्या यू-८७चा डीएनए त्यांनी ताडून पाहिला. दोन्ही जुळले नाहीत.

वाटेत कुठंतरी अदलाबदल झाली होती. एकाच टेबलावर दोन फ्लास्क, चुकीची चिठ्ठी, किंवा एका द्रवातून दुसऱ्यात उडालेला थेंब. जोमानं वाढणाऱ्या पेशींना तेवढं पुरतं. हेला या चिवट सेल लाइनच्या पेशींनी इतर सेल लाइनमध्ये घुसखोरी केल्याचं १९६६ मध्येच स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवून दिलं होतं. उप्सालाच्याच आणखी एका सेल लाइनचं असंच झालं होतं: यू-३७३ म्हणून वाटल्या गेलेल्या पेशी प्रत्यक्षात यू-२५१ निघाल्या.

यू-८७च्या बाबतीत थोडा दिलासा होता. भांडारातल्या पेशींची जनुकं ज्या पद्धतीनं काम करतात त्यावरून त्या मेंदूतल्या गाठीच्याच, बहुधा ग्लायोब्लास्टोमाच्याच असाव्यात, असं त्याच गटाला आढळलं. त्यामुळे त्यांच्यावर झालेलं सगळं संशोधन रद्दी ठरलं नाही. फक्त त्या कुणाच्या, हे आता कळण्याची शक्यता फारशी उरली नाही.

पण ओळख पक्की असलेली सेल लाइन तरी रुग्णाच्या गाठीचं खरं रूप दाखवते का? २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या संशोधकांनी एकाच गाठीच्या पेशी दोन प्रकारे वाढवल्या. काही नेहमीच्या, गाईच्या गर्भाचं सीरम घातलेल्या द्रवात. काही मेंदूच्या मूळपेशींसाठी वापरतात त्या सीरमविरहित द्रवात. सीरममधल्या पेशी मूळ गाठीपासून दूर भरकटल्या. दुसऱ्या गटाचं जनुकीय रूप बरंच टिकलं, आणि उंदरांच्या मेंदूत सोडल्यावर त्या माणसातल्या गाठीसारख्या आत पसरल्या. यू-८७ची गाठ उंदरात सहसा गोल, रेखीव कडांची होते. म्हणजे ज्या पसरण्यामुळे रुग्ण दगावतो, तेच तिच्यात नीट दिसत नाही. उप्सालानंही आपली जुनी पुंजी मागे ठेवून रुग्णांकडून घेतलेल्या ४८ नव्या सेल लाइनचा संच २०१५ मध्ये खुला केला, सीरमशिवाय वाढवलेला आणि मूळ गाठीशी ताडून पाहिलेला.

जुन्या पद्धतीतूनही शोध लागतात, प्रश्न नेमका हवा. नवी मुंबईत खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये शिल्पी दत्त यांच्या गटानं सेल लाइन आणि रुग्णांच्या गाठींतल्या पेशी या दोहोंवर किरणोत्साराचा मारा केला आणि त्यातून वाचलेल्या मूठभर पेशींवर नजर ठेवली. एरवी या पेशी रुग्णात शोधणं जवळजवळ अशक्य. स्कॅनमध्ये त्या दिसतच नाहीत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसलं, की वाचलेल्या पेशी एकमेकींत विलीन होऊन अनेक केंद्रकांच्या अवाढव्य पेशी बनतात, काही काळ विभाजन थांबवतात आणि मग पुन्हा वाढू लागतात.

२०२० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आणखी वेगळी वाट निघाली. तिथं गाठीच्या पेशी सुट्या न करता साधारण मिलिमीटरभर आकाराचे तुकडेच हलत्या द्रवात वाढवले. पेशींची मूळ सरमिसळ त्यांत बरीचशी टिकली, आणि रुग्णाच्या उपचाराला उपयोगी पडावं इतक्या लवकर, काही आठवड्यांत, हे ऑर्गनॉइड, म्हणजे गाठीचे इवलेसे नमुने, तयार झाले.

तरीही प्लॅस्टिकच्या भांड्यात मेंदू नसतो. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या मिशेल मोंजे आणि हायडेलबर्गच्या फ्रँक विंकलर यांच्या गटांनी एकाच वेळी दाखवलं, की ग्लायोमाच्या पेशी शेजारच्या चेतापेशींशी सायनॅप्स, म्हणजे संदेशवहनाचे सांधे, जोडतात आणि त्यांच्या विद्युत संदेशांवर पोसतात. चेतापेशींशिवाय वाढवलेल्या सेल लाइनमध्ये हे नातं दिसण्याची सोयच नव्हती. हायडेलबर्गच्या गटानं मग उंदरांना अपस्मारावरचं पेरॅम्पॅनेल हे औषध दिलं. ते या जोडणीतला संदेश अडवतं. गाठीची वाढ मंदावली. फिट्ससाठी आधीपासून वापरात असलेलं हे औषध आता जर्मनीत ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांवर शस्त्रक्रियेच्या आगेमागे देऊन तपासलं जात आहे.