ड्रेनची वही

माझ्या बायकोच्या स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात घरी माणसांची रीघ लागली होती आणि येणारा प्रत्येक जण प्रेमापोटी काहीतरी सांगून जात होता. आत्या म्हणाली, "चाकू लावू नका रे, हवा लागली की तो पसरतो." एका मित्राने बाजूला घेऊन बजावलं, "सगळंच काढून टाका, मागे काही ठेवू नका." आणि मला सगळ्यांनी मिळून एकच काम दिलं होतं, खंबीर राहायचं. त्या दिवसांत मी जे खरं धरून चाललो होतो, त्यातलं बरंचसं चुकीचं निघालं. नवऱ्याच्या डोक्यात भलतंसलतं भरलेलं असलं की तो बायकोपासून चार हात लांब उभा राहतो, आणि ते तिला बरोबर कळतं. म्हणून हे लिहितो आहे.

आत्याच्या बोलण्यामागे काहीतरी पाहिलेलं होतं. पूर्वी बायका फार उशिरा दवाखान्यात यायच्या. तोवर आजार इतरत्र पोचलेला असायचा, शस्त्रक्रियेनंतर तो दिसून यायचा आणि दोष चाकूला जायचा. स्तनाचा कॅन्सर रक्तातून आणि काखेतल्या ग्रंथींच्या वाटेने पसरतो. हवेचा त्याच्याशी काही संबंध नाही. सुईने तुकडा काढून तपासला म्हणूनही तो पसरत नाही. उलट ती तपासणी झाल्याशिवाय गाठ कुठल्या जातीची आहे, हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या लागू पडतील की नाही, हे ठरतच नाही. खरं नुकसान होतं ते या भीतीपायी महिने घालवल्याने.

मित्राचा सल्ला मला मात्र पटला होता, आणि इथेच मी चुकलो. जितकं जास्त कापू तितकं सुरक्षित, ही समजूत डॉक्टरांमध्येही होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हॉल्स्टेड यांनी स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी एकत्र काढण्याची पद्धत रूढ केली आणि ती कित्येक दशकं चालली. मग अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि मिलानमध्ये उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी शेकडो बायकांवर तुलना करून पाहिली. दोघांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली आले. आजार लवकर सापडला असेल, तर फक्त गाठ काढून नंतर रेडिएशन घेणाऱ्या बायका आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका सारख्याच जगल्या. गाठी एकाहून जास्त ठिकाणी असतील, रेडिएशन देता येत नसेल किंवा घराण्यातून जनुकांतला दोष आलेला असेल, तर पूर्ण स्तन काढावा लागू शकतो. हिच्या बाबतीत दोन ठिकाणी गाठी होत्या, त्यामुळे शेवटी तेच करावं लागलं. पण डॉक्टरांनी तिला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" तेव्हा ती तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "काढून टाका डॉक्टर." रिक्षात ती गप्प होती. घरी आल्यावर म्हणाली, "अहो, अंग माझं होतं. उत्तर तुम्ही दिलंत."

पुढच्या भेटीपासून मी वही घेऊन बसायला लागलो. प्रश्न ती विचारायची, उत्तरं मी लिहून घ्यायचो. घाबरलेल्या माणसाच्या कानावरून निम्मं निघून जातं. लिहिणारा दुसरा माणूस सोबत असणं हीच मोठी मदत असते, हे मला तेव्हा कळलं.

त्याच वहीत नंतर ड्रेनची पानं आली. शस्त्रक्रियेनंतर जखमेच्या आत साचणारा स्राव बाहेर यावा म्हणून ड्रेनची नळी ठेवतात, तिच्या टोकाला स्राव गोळा करणारी डबी असते, आणि पुष्कळदा ती घेऊनच पेशंटला घरी सोडतात. "हे बायकांचं काम, बहिणीला बोलवा," असं मला सांगण्यात आलं. त्यात अवघड काहीच नाही. हात साबणाने धुवायचे, डबी मापाच्या भांड्यात रिकामी करायची, ती दाबून हवा काढायची आणि दाबलेली असतानाच बूच लावायचं. किती मिलिलिटर आणि रंग कसा, हे तारखेसह लिहायचं. लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जाणं चांगलं. चोवीस तासांत साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आलं की डॉक्टर नळी काढतात. एकाएकी लालभडक रक्त येऊ लागलं, ताप आला किंवा दुर्गंधी आली, तर ताबडतोब फोन करायचा. डबी अडकवायला मी जुन्या सुती साडीची झोळी शिवून घेतली होती. ती दुसऱ्या खांद्यावरून घालायची, म्हणजे टाक्यांना ओढ बसत नाही.

"हात अजिबात हलवू नकोस," असंही सगळे सांगतात. हलवला नाही तर खांदा आखडतो. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पहिल्या काही दिवसांत हलके व्यायाम सुरू होतात. हात खांद्याच्या वर मात्र ते सांगतील तेव्हाच न्यायचा. काखेतल्या ग्रंथी काढल्या असतील, तर हात कायमचा सुजण्याचा धोका असतो. सगळ्या ग्रंथी काढल्या तर साधारण पाचातल्या एकीला, निवडक एक-दोन तपासून थांबलं तर सुमारे विसातल्या एकीला. ही सूज काही वर्षांनीही येऊ शकते. बांगडी एकाएकी घट्ट वाटली, अंगठी रुतू लागली, की थांबू नये. सुरुवातीला ती आटोक्यात ठेवता येते.

आता त्या खंबीरपणाबद्दल. रडलीस तर आजार वाढेल, मनाने खचलीस तर औषध लागू पडणार नाही, असं आजारी बाईला सांगणं मला आता क्रूर वाटतं. आधारगटांमुळे आयुष्य वाढतं, असं १९८९ मधल्या एका अभ्यासावरून वाटलं होतं. २००१ मध्ये मोठा अभ्यास झाला, त्यात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. पण मनाची तगमग आणि वेदना कमी झाल्या, आणि तेवढ्यासाठीही माणसं जवळ हवीतच. तिला रडू द्यावं. आपल्यालाही रडू आलं तर लपवू नये. मी लपवायचो तेव्हा तिला वाटायचं, यांना काहीच वाटत नाही.

ताटवाटी वेगळी ठेवायचं कारण नाही, हा आजार संसर्गाचा नाही. बाहेरून दिलेलं रेडिएशन घेऊन आलेल्या आजीने नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं. जखम भरल्यावर नवरा-बायकोने जवळ येण्याने आजार वाढत नाही की परत येत नाही. फक्त केमो किंवा टॅमॉक्सिफेन चालू असताना गर्भ राहू देऊ नये. त्यासाठी हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत, निरोध किंवा कॉपर-टी वापरावी.

जखमेकडे पाहू नये म्हणजे तिला संकोच वाटणार नाही, असं माझं मीच ठरवलं होतं. पट्टी बदलताना मी खिडकीकडे बघत उभा राहायचो. तिने त्याचा अर्थ वेगळाच लावला होता. नळी निघाल्यावर चार दिवसांनी ती म्हणाली, "बघवत नाही ना तुम्हाला?" मी वळून पाहिलं. छातीवर आडवी, गुलाबी, सरळ रेघ होती. शस्त्रक्रियेत त्वचेचे बारीक मज्जातंतू कापले जातात, त्यामुळे तिथली संवेदना बरेच महिने, कधीकधी कायमची जाते. तिने माझं बोट धरून रेघेवर ठेवलं. "इथे काही कळत नाही," ती म्हणाली. मग ते हळूहळू खाली सरकवत नेलं. "अजून नाही... अजून नाही... हां, इथून कळतं."