हवेची साफसफाई आणि चाकणचा कांदा

जमिनीची मशागत शेतकरी करतो, पाण्याची पाळीही तोच देतो. पिकाला वेढून राहणाऱ्या हवेची निगा मात्र कोणी राखावी लागत नाही, अशीच आपली आजवरची समजूत आहे. पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि पुढे भोसरी, आकुर्डी, चिखलीपासून चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. ह्या साऱ्या भट्ट्यांतून व पुणे-नाशिक रस्त्यावरील मालमोटारींतून रात्रंदिवस वायू बाहेर पडत असतात. ते सर्व हवेतच साठून राहिले असते, तर खेड तालुक्यात श्वास घेणे कठीण झाले असते. तसे होत नाही, ह्याचे कारण हवा स्वतःला धुते. हे धुणे कसे चालते आणि त्यांत पिकाचा वाटा काय, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

पाऊस हवा धुतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु कार्बन मोनॉक्साइड किंवा जनावरांच्या पोटातून व भातखाचरांतून निघणारा मिथेन हे वायू पाण्यात फारसे विरघळत नाहीत. कितीही पाऊस पडो, ते हवेतच राहतात. त्यांचा बंदोबस्त करणारा घटक वेगळा असून त्याचे नाव हायड्रॉक्सिल असे आहे. सूर्याचे अतिनील किरण ओझोन वायूवर पडले की त्यातून प्राणवायूचा एक चपळ अणू सुटतो. तो बाष्पाच्या रेणूला भेटला की हायड्रॉक्सिलचे दोन कण तयार होतात. असा कण जेमतेम सेकंदभर टिकतो, कारण समोर येईल त्या वायूशी तो लगेच संयोग पावतो. जमिनीलगतच्या एका घनसेंटिमीटर हवेत रेणूंची संख्या २५ वर १८ शून्ये इतकी प्रचंड असते, आणि त्यांत हायड्रॉक्सिलचे कण सरासरीने दहा लाखांच्या आसपास. म्हणजे खंडीभर धान्यात एक दाणा, हे प्रमाणसुद्धा ह्यापुढे कितीतरी मोठे ठरेल. जमिनीलगतच्या वातावरणात हा घटक मोठ्या प्रमाणावर कार्य करीत असावा, हे हायराम लेव्ही ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवून दिले.

हायड्रॉक्सिलच्या माऱ्याने कार्बन मोनॉक्साइड सुमारे दोन महिन्यांत नाहीसा होतो, तर मिथेनला दहाएक वर्षे लागतात. गाड्यांच्या धुरातील नायट्रोजन डायॉक्साइडचे दिवसा काही तासांतच नायट्रिक आम्ल बनते, व गंधकाच्या वायूचे सल्फ्युरिक आम्ल. ही आम्ले मात्र पावसाबरोबर सहज खाली येतात, आणि त्यांतील थोडेफार नत्र व गंधक शेतालाही लाभते. ऊन व बाष्प दोन्ही मुबलक असल्यामुळे उष्ण कटिबंधात ही क्रिया सर्वांत जोरात चालते. कर्बवायू, म्हणजे कार्बन डायॉक्साइड, ह्यापुढे हायड्रॉक्सिलचे काहीच चालत नाही. थंडीत ऊन मंद असते, शिवाय पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत दबून राहतो. म्हणून इंद्रायणीकाठी त्या दिवसांत धूर रेंगाळलेला दिसतो.

आता शेतकऱ्याच्या नुकसानीची बाब. हायड्रॉक्सिल धुरातील वायू जाळीत असताना हवेत नायट्रोजनची ऑक्साइडे असली, तर त्याच खटाटोपात उन्हाच्या साहाय्याने नवा ओझोन तयार होतो. आकाशात उंचावर असलेला ओझोन आपले रक्षण करतो. जमिनीलगतचा ओझोन पिकाला विष आहे. गंमत अशी की ऐन हमरस्त्यावर तो कमी आढळतो, कारण गाड्यांतून निघणारा ताजा नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. हवा शहराबाहेर सरकत गेली की त्याचे प्रमाण वाढते. म्हणून ज्याच्या शेताजवळ धुराडे नाही, त्यानेही निश्चिंत राहू नये. वारा पश्चिमेचा असेल त्या दिवशी आळंदी-मरकळकडील शिवारे ह्या हवेच्या वाटेवर येतात. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१३ साली ‘सफर’ योजनेखाली पुणे परिसरात हवेची मापनयंत्रे बसविली, त्यांत भोसरी, निगडी व आळंदीचाही समावेश होता. आपल्या भागात ओझोनचा भर मार्च ते मे ह्या महिन्यांत असतो, आणि नेमका त्याच सुमारास उन्हाळी कांदा पोसत असतो. ह्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ओझोनमुळे २००५ ह्या एका वर्षात देशातील गव्हाचे सुमारे ३५ लाख टन व भाताचे सुमारे २१ लाख टन उत्पन्न बुडाले.

ओझोन पानांच्या रंध्रांतून आत शिरतो. बटाट्याच्या जुन्या पानांवर वरच्या बाजूने बारीक काळसर ठिपके पडतात व पाला अकाली पिवळा होतो. कांद्याच्या पातीवर पांढरट ठिपके येऊन शेंडे वाळतात. हीच लक्षणे फुलकिडे वा करपा समजून शेतकरी औषध फवारतो आणि पैसा वाया घालवितो, कारण ओझोनवर कोणतीही कीडनाशक फवारणी चालत नाही. अर्थात उलट चूकही करू नये. पातीच्या बेचक्यात फुलकिडे आहेत काय, डाग जांभळट आहेत काय, हे प्रथम पाहावे. कीड नाही, डाग जुन्या पातीवरच आहेत, साऱ्या शेतात एकाच वेळी आले आहेत आणि त्याआधी काही दिवस कडक ऊन व मंद वारा होता, तरच ओझोनचा संशय घ्यावा. अमेरिकेत १९६६ च्या सुमारास झालेल्या अभ्यासात असे दिसले की कांद्याच्या काही जाती ओझोन लागताच आपली रंध्रे मिटून घेतात व बचावतात. तेव्हा एकाच शिवारात दोन जाती असतील, तर कोणती पात हिरवी राहिली हे अवश्य टिपून ठेवावे.

शेतकऱ्याच्या हातून होणारा भारही थोडा नाही. उसाचे पाचट पेटविले की हायड्रॉक्सिलचे काम वाढते आणि नव्या ओझोनला सामग्री मिळते. ते सरीत कुजविल्यास जमिनीत कर्ब राहतो. युरिया कोरड्या जमिनीवर उघडा फेकला, तर त्यातील नत्र अमोनिया होऊन उडते. हवेतील आम्लाशी मिळून त्याची अतिसूक्ष्म धूळ बनते आणि ती फुफ्फुसात खोल शिरते. खत मातीआड करून लगेच हलके पाणी दिले, म्हणजे विकत घेतलेले नत्र पिकालाच मिळते.

संशयित पाती आढळल्यास त्यांवर तारीख, जात, लागवडीचा दिवस व वाऱ्याची दिशा लिहून त्या राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयात दाखवाव्यात. शेजारच्या निरोगी रोपाची पातही सोबत न्यावी, म्हणजे तुलना करणे सोपे जाते.