‘पडेल ते काम’ म्हणजे नेमकं कोणतं काम?

आज आपण छोट्या धंद्यातल्या एका कागदाबद्दल बोलणार आहोत, जो बहुतेक ठिकाणी लिहिलाच जात नाही. तो म्हणजे कामाचं वर्णन.

दुकानाच्या दारावरची पाटी आठवा : ‘कामासाठी मुलगा पाहिजे. होतकरू, प्रामाणिक. पडेल ते काम करावे लागेल.’ यात स्वभाव लिहिलाय, काम कुठंय?

समजा, एक हार्डवेअरचं दुकान आहे. टेंपो आला, गोण्या उतरल्या, चलनावर सही झाली. संध्याकाळी कळलं, सिमेंटच्या चार गोण्या कमी. मालक म्हणतो, ‘तू मोजल्या नाहीस?’ मुलगा म्हणतो, ‘मला कुणी सांगितलंच नव्हतं.’ दोघंही खरं बोलताहेत. पण पैसे पगारातून कापले जातात आणि महिन्याभरात मुलगा काम सोडतो. नुकसान चार गोण्यांचं नाही, शिकलेला माणूस गेला त्याचं आहे.

मग लिहायचं कसं? आधी आठवडाभर दुकानात कोण काय करतं, ते वहीत टिपून ठेवायचं. त्यातून पाच-सहा मुख्य कामं निघतात. ती अशी लिहायची की झालं की नाही, ते डोळ्यांनी दिसावं. ‘मालाची जबाबदारी’ असं मोघम नको. ‘माल आल्यावर चलनाशी ताडून मोजणे; कमी असल्यास सही करण्याआधी मालकांना फोन करणे’ असं हवं.

दुसरं, अधिकार. गिऱ्हाइकाला किती सूट द्यायची? उधारी द्यायची का? आकडा लिहा.

तिसरं, हुकूम कुणाचा? घरच्या धंद्यात वडील एक सांगतात, मुलगा दुसरं, वहिनी तिसरं. शेवटचा शब्द कुणाचा, ते एकच नाव लिहा.

चौथं, वेळ, पगार आणि साप्ताहिक सुट्टी. आणि ‘इतर कामे’ हा शब्द ठेवायचाच असेल तर त्याला कुंपण घाला. गर्दीत काउंटरला मदत करणं चालेल. मालकाच्या घरची गाडी धुणं त्यात येत नाही.

पाचवं, पात्रता. बिल कॉम्प्युटरवर करायचं असेल तर तेवढं येणं पुरे, पदवी कशाला? आणि ‘मुलगाच पाहिजे’ का? वेतन संहिता, 2019 प्रमाणे सारख्याच कामासाठी भरती करताना स्त्री-पुरुष असा भेद करता येत नाही. कायद्यानेच स्त्रियांना मनाई असलेली कामं तेवढी अपवाद. गोण्या उचलायच्या असतील तर वजन लिहा, ज्याला किंवा जिला जमेल ते येतील.

कागद तयार झाला की माणसासमोर बसून मोठ्यानं वाचा. त्याला काही विचारायचं असेल ते विचारू द्या. दोन प्रती, दोघांच्या सह्या. सहा महिन्यांनी पुन्हा काढून बघा, कारण काम बदललेलं असतं.

आज घरी गेल्यावर एवढंच करू या : आपल्याकडच्या एका माणसाची पाच कामं आपण लिहायची, त्यालाही वेगळी लिहायला सांगायची. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. जिथं जुळणार नाहीत, तिथंच उद्याचं भांडण आहे.