जंतूंस दाद न देणारी नळी

कांहीं बालकांच्या मेंदूंत पाणी सांचून त्यांचें डोकें वाढूं लागतें. मेंदूंत नित्य झरणाऱ्या द्रवाची वाट तुंबली म्हणजे हें दुखणें जडतें. १९५५ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें जॉन होल्टर या यंत्रज्ञाच्या घरीं असेंच मूल जन्मलें. होल्टर वैद्य नव्हता. तरी जादा द्रव एकाच दिशेनें वाहून नेणारी झडप त्यानें रचिली. तिच्यासाठीं त्यानें निवडलें सिलिकोन रबर.

वाळूंतील सिलिकन व प्राणवायु यांच्या सांखळीनें हा पदार्थ बनतो. त्याचें मूळ संशोधन इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें प्रोफेसर किपिंग यांनीं केलें. हें रबर वाफेनें बिघडत नाहीं व शरीर त्यास फारसा विरोध करीत नाहीं. १९५६ पासून अशा झडपांनीं हजारों मुलें वांचलीं; होल्टरचा पुत्र मात्र बालपणींच निवर्तला.

परंतु शरीर ज्यास विरोध करीत नाहीं, त्यास जंतूहि भीत नाहींत. कातडीवर निरुपद्रवीपणें राहणारे जंतु शस्त्रक्रियेच्या वेळीं नळीस चिकटतात व स्वतःभोंवतीं बुळबुळीत आवरण पसरतात. त्यांत औषधाचा वा रक्तांतील पांढऱ्या पेशींचा प्रभाव पडत नाहीं. मग नळी काढून पुन्हां शस्त्रक्रिया करणें भाग पडतें.

यावर रॉजर बेस्टन यांनीं उपाय शोधिला. योगायोग असा कीं, पुढें तेहि नॉटिंगहॅम येथेंच प्राध्यापक झाले. रिफॅम्पिसिन व क्लिंडामायसिन हीं औषधें विरघळविलेल्या द्रावकांत सिलिकोन भिजविलें म्हणजे तें फुगतें. द्रावक उडून गेल्यावर नळी पूर्ववत् आकसते. औषधाचे कण मात्र आंत राहून हळूहळू पृष्ठभागीं झिरपतात. औषधें दोन कां? एकट्या रिफॅम्पिसिनला जंतु लवकर सरावतात. दोहोंस एकदम चुकविणें त्यांस कठीण.

२०१९ सालीं ब्रिटन व आयर्लंडमधील १६०५ रुग्णांवरील चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. साध्या नळीनें शेंकडा ६ जणांस जंतुबाधा झाली, औषधी नळीनें शेंकडा २ जणांस. आपण रुपें शुद्ध मानितों. परंतु रुपें मिसळलेल्या नळीचा आंकडाहि ६ च निघाला! नुसत्या तर्कावर विसंबून चालत नाहीं, तें असें.

औषधाचा हा सांठा केव्हांतरी संपतो. म्हणून सिलिकोनच्या रेणूसच जंतुनाशक गट कायमचा जोडण्याचे प्रयत्न चालू आहेत. शंभरांत चौघांची दुसरी शस्त्रक्रिया टळणें ही गोष्ट आंकड्यांत लहान दिसते. ज्या घरांतील तें मूल, त्या घरास मात्र ती लहान नाहीं.