बापांची शाळा

माझ्या मुलीचा जन्म झाला त्या रात्री मी सहा वेळा चहा आणला. याखेरीज माझ्याकडून कुणाला कसलीच अपेक्षा नव्हती. पहाटे दार उघडले, आत्याबाईंनी दुपट्यातले गाठोडे माझ्यापुढे धरले आणि मी हात पुढे करताच म्हणाल्या, "राहू दे रे, तुला नाही जमायचे." मी हात मागे घेतले. खरे सांगायचे तर सुटल्यासारखे वाटले.

पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी. तीन महिने मी दर रविवारी मोसंबी घेऊन एस.टी.ने सासुरवाडीला जायचा आणि पाहुण्यासारखे पोहे खाऊन परत यायचा. मायलेकी घरी आल्या त्याच आठवड्यात बायकोला सडकून ताप भरला. रात्री दोनला मुलगी रडू लागली. मी तिला घेऊन फेऱ्या घातल्या, खुळखुळा वाजवला, चक्क एक अभंगही म्हटला. (मराठीच्या प्राध्यापकाला संकटकाळी दुसरे काय सुचणार!) दूध पाजल्यावर मूल खांद्यावर घेऊन पाठ थोपटायची असते, ढेकर काढायचा असतो, ही साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. शेवटी तापाने फणफणलेल्या बायकोला मी उठवले. ती उठली, काही बोलली नाही. तिचे ते न बोलणे मला अजून बोचते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात आम्ही आठ बाप एका टेबलाभोवती बसलो होतो. महागाई, वेतनश्रेणी, परीक्षांचे वेळापत्रक, सगळ्यांवर तोंडसुख घेतले. पण "रात्री मूल रडले तर तुम्ही काय करता हो?" हे विचारायला माझी जीभ काही रेटली नाही. बायका दारात उभ्याउभ्या जे दोन मिनिटांत विचारून मोकळ्या होतात, ते आम्हां पुरुषांना जन्मभर विचारता येत नाही.

हे सारे आठवले त्याला कारण झाले. आमच्या समाजशास्त्राच्या प्राध्यापकबाईंनी रवांडातल्या एका उपक्रमाविषयीचा शोधनिबंध मला वाचायला दिला. आफ्रिकेतला हा चिमुकला, टेकड्याटेकड्यांचा देश. १९९४ सालच्या नरसंहारात तिथली घरेच्या घरे उद्ध्वस्त झाली. त्या देशात २०१३ ते २०१५ या काळात 'बांदेबेरेहो' नावाचा उपक्रम चालला. ज्याच्याकडे पाहून इतरांनी वागावे असा माणूस, असा त्या नावाचा आशय. ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे किंवा पाच वर्षांखालचे मूल आहे, असे तरुण बाप जमायचे. बैठका एकंदर पंधरा. त्यांतल्या आठांना बायकाही येत. शिकवायला कोणी पंडित नाही, गावातलाच एखादा बाप, थोडे प्रशिक्षण घेतलेला. अधूनमधून परिचारिका येई, कधी पोलीसही येई. गरोदरपण, कुटुंबनियोजन, घरकामाची वाटणी, मारहाण असे विषय निघत. आणि आणखी एक, 'माझ्या बापाकडून मला काय मिळाले?'

या शेवटच्या प्रश्नापाशी मी थांबलो. आईवर आपण उदंड लिहिले. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली; बापाच्या नावाचे पुस्तक म्हणून मला चटकन आठवते ते नरेंद्र जाधवांचे 'आमचा बाप आन् आम्ही', १९९३चे. मध्ये साठ वर्षे गेली! माझे तीर्थरूप मला कधी मारीत नसत आणि कधी जवळही घेत नसत. मी आजारी पडलो की दाराशी उभे राहून "औषध दिले का?" एवढेच विचारीत. त्या दाराशी ते बराच वेळ उभे असत, हे मला आता आठवते.

असल्या बोलण्याने काय साधते, असे कुणी विचारील. तेही मोजलेले आहे. ११९९ जोडप्यांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. एका गटाला बैठका, दुसऱ्याला नाहीत. पावणेदोन वर्षांनी बायकांना विचारले. बैठका न झालेल्या गटात शंभरांतल्या सुमारे ५७ जणींनी वर्षभरात नवऱ्याचा मार खाल्ला होता. बैठका झालेल्या गटात ३३ जणींनी. ३३ हा आकडासुद्धा शरमेचाच आहे. पण मधल्या चोवीस घरांतली भांडी त्या वर्षी शांतपणे घासली गेली असतील! मुलांना होणारी मारझोडही कमी झाली. तपासणीला बायकोबरोबर जाणारे नवरे वाढले. सहा वर्षांनी पुन्हा पाहिले, तरी फरक टिकून होता.

आपल्याकडे २०१७ सालच्या दुरुस्तीने नोकरदार आईला २६ आठवड्यांची रजा मिळाली. केंद्र सरकारचा कर्मचारी बाप झाला तर त्याला १५ दिवस मिळतात. रजा हवीच, याहून जास्त हवी. पण त्या पंधरा दिवसांत बापाने करायचे काय, हे त्याला कोण सांगणार? सासूबाई सांगणार नाहीत. त्या त्याला चहा आणायला पाठवतील.

आमच्या खालच्या मजल्यावरचा बँकेतला मुलगा यंदा श्रावणात बाप झाला. एका रात्री अकराला दारात उभा. हातात किंचाळणारे बाळ, स्वतःचा चेहरा रडवेला. "काका, वहिनी जाग्या आहेत का?" म्हणाला. मी म्हटले, "झोपल्यात. आण इकडे." बाळाच्या मानेखाली हात कसा घालायचा, खांद्यावर कसे टेकवायचे, ते मी त्याला दाखवले. पाच मिनिटांत ढेकर आला. आम्ही दोघे लॉटरी लागल्यासारखे हसलो.

आता तो रविवारी सकाळी येतो. गेल्या रविवारी कचेरीतल्या एका मित्राला घेऊन आला. त्याच्या बायकोला सातवा महिना आहे. मी चहा केला. तो मित्र क्रिकेटवर बोलला, पावसावर बोलला, गृहकर्जाच्या व्याजावर बोलला. पहिला प्रश्न विचारायला त्याला पाऊण तास लागला.